बहारीनचं मीठ

भिवंडी,
२० जानेवारी १९९७

प्रिय इशू,

चाचांनी निरोप दिलाय तो आधी लिहून टाकते, मग आपलं आपण बोलू. मीठ संपत आलंय. मुनीरला सांगून एक पिशवी कोणाबरोबर तरी पाठव. घाई नाही, पण ईदच्या आगेमागे पोचली तर बरं. तुझ्या अब्बांचा निरोप एवढाच. बाकी सगळं ठीक आहे असंही लिही म्हणाले. ते मी अजून लिहिलेलं नाही, बघू पुढे.

फोन का केला नाहीस असं तू विचारशीलच. तुमच्या घरून बोलायचं तर शेजारी तुझे अब्बा बसलेले असतात. आणि धामणकर नाक्यावरच्या बूथमधून बहारीन लावलं की मीटर असा पळतो की 'कशी आहेस' म्हणेपर्यंत माझा जीव अर्धा होतो. त्यात बाहेर रिक्षावाले कल्याण-कल्याण ओरडत असतात. ही गोष्ट त्या गोंगाटात सांगण्यासारखी नाही, म्हणून बसले लिहायला. आईने पुढ्यात चहा आणून ठेवलाय आणि इशरतला सुकटीचं विचार म्हणून दोनदा बजावलंय. मागच्या खेपेला पाठवलेली सुकट मिळाली का? नसेल मिळाली तर विमानतळावर कोणीतरी पोटभर जेवला म्हणायचं.

टाकीपासून सुरुवात करते, कारण जे काही झालं ते टाकीमुळेच कळलं. तुझं लग्न ठरलं तेव्हा मुनीरने तुला विचारलं होतं, येताना काय आणू. बाकीच्या मुली सोन्याचा सेट सांगतात, आमच्या बाईसाहेबांनी मीठ सांगितलं. समुद्रातल्या माशांसाठी कारखान्यात बनवलेलं मीठ! माजिदा फुफीने कपाळावर हात मारून घेतला होता. ज्या गावाला खाडी आहे त्या गावात जावई विमानाने मीठ आणणार, हे तिला अजून पचलेलं नाही. मग तू आणि अब्बांनी मिळून पुढच्या खोलीत ती लांबलचक काचेची टाकी उभी केलीत. मुनीरच्या मामेभावाने मुरूडहून ओल्या गोणपाटात गुंडाळून दगड आणले, त्यांच्यावर बटणांसारखे प्रवाळ चिकटलेले. मुंबईच्या बाजारातून तू एक समुद्रफूल आणलंस, आणि त्यात राहायला जोकर माशांची जोडी. भिवंडीत लोकांच्या घरात लूम असतात, तुमच्या घरात समुद्र आला. पुढे तुझा व्हिसा आला, तू गेलीस, आणि समुद्र अब्बांच्या गळ्यात पडला. त्यांना तोवर मासे म्हणजे तळलेले तेवढे ठाऊक. पण डाइंग मास्तर माणूस, सगळं आयुष्य पाण्यात गेलेलं. रंग बसला नाही तर दोष रंगाचा कमी आणि पाण्याचा जास्त, हे त्यांचं नेहमीचं म्हणणं. माशांचंही तेच असतं, ते त्यांना कोणी शिकवायला लागलं नाही.

माझे रविवार तुमच्या घरी जातात हे तुला माहीत आहेच. आठवडाभर मिलच्या लॅबमध्ये रंगखात्याचं पाणी तपासायचं आणि रविवारी तुझं. उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, म्हणून वरून साधं पाणी घालायचं. तेही पिंपात ठेवून क्लोरीन उडालेलं. मिठाचं प्रमाण पाण्यातल्या तरंगत्या काट्याने बघायचं. लाइट गेले की पंप बंद पडतो (भिवंडीत लाइट जातात, तुला तिकडे बसून आठवत नसेल), मग फुफी मगाने पाणी वर-खाली करत बसते आणि माशांच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. दगडांवरचा गुलाबी थर फिका पडायला लागला तेव्हा मुनीरने पाठवलेल्या माशांच्या मासिकात वाचून आपण त्या औषधाच्या मागे लागलो होतो, आठवतं? तिकडचे लोक ज्याला मोठं जर्मन नाव देतात ती निघाली आपली चुन्याची निवळी. लहान पोरांना पोट दुखलं की पाजतात ती. कळीचा चुना पाण्यात कालवायचा, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी सलाईनच्या बाटलीत भरायचं आणि थेंब थेंब टाकीत सोडायचं. प्रवाळाला अंग धरायला चुना लागतो. फुफी भावाची थट्टा करत म्हणाली होती, दाऊद आता माशांना पानाचे विडे लावून देणार.

निवळीची मेख एकच आहे. ती जास्त झाली की पाण्याचा पीएच चढतो आणि मग आतल्या सगळ्यांच्या जिवावर बेततं. पीएच बघायला टाकीतलं थोडं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, आणि येईल तो रंग कार्डावरच्या पट्ट्यांशी जुळवायचा. हिरवा आला तर कमी, मोरपिशी आला तर बरोबर, गडद निळा आला तर निवळी ताबडतोब बंद. पाचवीतलं पोरही करील. पण तुझे अब्बा कधी कार्ड हातात घेतील तर शपथ. नळी घेऊन उत्तरेच्या खिडकीशी जायचं, कारण रंगाची शेड उत्तरेच्या उजेडातच बघायची असते. डोळा बारीक करायचा आणि निकाल द्यायचा. मी कार्ड पुढे केलं की म्हणायचे, कार्ड शिकणाऱ्याला लागतं, मास्तरची शेड डोक्यात असते. ज्यांच्या नजरेच्या भरवशावर व्यापाऱ्यांनी ठाणच्या ठाण माल उचलला, त्यांनी एका नळीसाठी कार्ड बघायचं म्हणजे अपमानच की. आणि त्या बरोबर आलेल्या रंगाला ते मोरपिशी म्हणत नाहीत. 'इशरतचा निळा' म्हणतात.

हे नाव तू विसरली असशील, मी नाही विसरले. आपण दुसरीत होतो. शाळा सुटली की रंगखात्याच्या ऑफिसात जाऊन बसायचो, आणि अब्बा सुताच्या लडी समोर टाकून विचारायचे, हा कोणता, तो कोणता. मला येऊन जाऊन दोनच रंग कळायचे, निळा आणि जास्त निळा. तू मात्र नावांचा पाऊस पाडायचीस. फुफीच्या पानदानाचा हिरवा. आमच्या रघूच्या रेनकोटचा पिवळा. भरतीच्या खाडीचा करडा. आणि त्या ईदला अब्बांनी स्वतः रंगवलेल्या तुझ्या फ्रॉकचा तो निळा, जो त्यांना पुन्हा कधीच तसाच्या तसा जमला नाही. बाप आणि लेक दोघेही त्या नावांनी बोलायचे आणि मी मध्ये बसून लिमलेटच्या गोळ्या खायचे. मला तेव्हा तुझा भयंकर राग यायचा, खरं सांगते. आता येत नाही.

तर दिवाळीच्या सुमाराला तुझं समुद्रफूल आक्रसायला लागलं. नुसतं पोटाशी पाय घेऊन बसलेलं. जोकर मासे वर येऊन तोंड उघडायचे. पंपावर पांढरा थर साचलेला, आणि टाकीच्या तळाशी पाणी किंचित दुधाळ. मी मीठ पाहिलं, बरोबर होतं. अन्न कुजलंय का पाहिलं, तसं काही नव्हतं. चाचा म्हणाले पीएच उतरलाय, निवळी थोडी वाढवतो. नळी त्यांनी खिडकीशी धरली होती आणि मी त्यांच्या मागे उभी होते. नळीतला रंग गडद निळा होता, इशू. शाईसारखा. आणि ते ती नळी फिरवून फिरवून बघत होते आणि म्हणत होते, आता कुठं इशरतच्या निळ्याच्या जवळ आलंय, जरा हिरवट आहे अजून.

मी थोडं पाणी बाटलीत भरून लॅबला घेऊन गेले आणि मीटरवर पाहिलं. मीटरला कोणाचा मान राखायचा नसतो. आकडा बघून मी तशीच स्टुलावर बसून राहिले, आणि मागच्या वर्षभरातल्या सगळ्या गोष्टी एकेक करून आठवत गेल्या. नोकरी सोडण्याआधी ते रंगून आलेल्या दर लॉटला मला बोलवायचे आणि विचारायचे, तुझ्या नजरेला काय वाटतं? मला वाटायचं, शिकवतायत. घरी येऊन आईला कौतुकाने सांगायचे मी. मग एक दिवस त्यांनी अचानक राजीनामा दिला, मिलचा शेठ हातापाया पडला तरी थांबले नाहीत, गुडघे दुखतात म्हणाले. त्यांचे गुडघे तुझ्यामाझ्यापेक्षा चांगले आहेत. एक लॉट चुकायच्या आत, कोणाला कळायच्या आत, माणूस आपण होऊन उठून गेला. आणि मग घरी येऊन त्याच डोळ्यांनी तुझी टाकी सांभाळत बसला. त्यांना हिरवट दिसलं की निवळी सोडायची, आणि मोरपिशी दिसेपर्यंत सोडत राहायची.

त्यांना तोंडावर सांगायचं धाडस मला झालं नाही. मी फुफीला गाठलं. फुफीला अर्धं माहीतच होतं. तिच्या हिरव्या ओढणीला ते काळी म्हणाले होते आणि ती गप्प बसली होती. ते नमाजला गेल्यावर आम्ही दोघींनी काम उरकलं. पीएच उतरवायला साधा प्यायचा सोडा चालतो, हे मासिकातच होतं. नाक्यावरून सोड्याच्या बाटल्या आणल्या आणि हळूहळू, पंपाच्या तोंडाशी, सोडत गेलो. फुफी बाटली ओतताना म्हणाली, "आधी पान, आता सोडा. तुझे मासे काय बिर्यानी जेवून बसलेत?" मला हसूही आलं आणि रडूही. मग सलाईनच्या बाटलीतली निवळी ओतून टाकली आणि त्याच बाटलीत नुसतं पिंपाचं पाणी भरून ठेवलं. दिसायला दोन्ही सारखीच नितळ. फुफीने रोज तेच करायचं असं ठरलं. एक प्रवाळ गेला, तो मुठीएवढा दगडी होता ना, कोपऱ्यातला, तो. बाकीचे वाचले.

पुढच्या रविवारी मी गेले तर चाचा टाकीजवळ खुर्ची टाकून बसले होते. सलाईनच्या नळीखाली बोट धरलेलं. दोन थेंब बोटावर घेतले आणि अंगठ्यावर चोळले. तुला ठाऊक आहे, रंगखात्यात कॉस्टिकचं पाणी असंच बघतात. चुना असो की कॉस्टिक, बोटाला साबणासारखं बुळबुळीत लागतं. हे पाणी कोरडं लागत होतं. मी अजून दारातच होते. त्यांनी मान वर केली नाही.

"डोले गेले म्हनून बोटं न्हाय गेली, मंदा," म्हणाले.

रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, नळी भरली, थेंब टाकले आणि ती माझ्या हातात दिली. मग कपाटावरचं कार्ड आणलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही माझ्याच हातात दिलं. मी जुळवून सांगितलं, मोरपिशी आहे, बरोबर आहे. त्यांनी मला दोनदा विचारलं, नक्की ना? मग फुफीला म्हणाले, चहा टाक. त्या दिवशी त्यांनी मला सगळं सांगितलं, मिलचंही. तीन शेड कागदावर घेऊन पारखायला बसायचे आणि तिन्ही एकच दिसायच्या. बायकोला सांगितलं असतं, पण ती हयात नव्हती. लेकीला सांगायचं नव्हतं.

मी आणि रघूने त्यांना ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पांढरा नाही, पिवळा पडलेला, म्हणून बाहेरून कोणाला कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, चहाच्या रंगाच्या काचेतून बघतायत ते. निळा आधी जातो. ऑपरेशन सोपं आहे, आत नवी काच बसवतात. तुझ्या अब्बांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, नंतर निळा पहिल्यासारखा दिसेल का. डॉक्टर सरळ माणूस, म्हणाले पहिल्यापेक्षाही जास्त निळा दिसेल, सुरुवातीला सगळंच निळसर वाटेल. झालं! परतीच्या वाटेवर खारेगावच्या पुलावरच निकाल लागला की ऑपरेशन करायचं नाही. मला आधी कळेना. मग म्हणाले, ज्या डोळ्यांनी आयुष्यभर रंग शिकलो तेच काढून टाकायचे आणि नव्यांना अलिफ-बे पासून शिकवायचं, ते ह्या वयात कोणाकडून होणार? मी भांडले. फुफी भांडली. माझी आई जाऊन गोड बोलून आली. कोणाचं काही चाललं नाही. डिसेंबर असा गेला.

मग रमजानचा चांद आला. तुमच्या मोहल्ल्यात दरवर्षी चांद पहिला कोणाला दिसतो ते मी तुला सांगायला नको. गच्चीवर पोरं जमली, चाचांच्या तोंडाकडे बघत. ह्या वर्षी पोरांनाच आधी दिसला, ती बोट दाखवून ओरडायला लागली, आणि चाचाही हो हो दिसला म्हणाले. फुफी त्यांच्या शेजारीच उभी होती. तिने मला सांगितलं, दाऊद भलत्याच बाजूला बघत होता. जिना उतरताना त्यांनी फुफीचा खांदा धरला आणि खाली येऊन मला बोलावून घेतलं. "ह्या ईदचा चांद पोरांच्या बोटावरनं बघीन. पुढच्या सालचा न्हाय," म्हणाले. ईद झाली की तिसऱ्या दिवशी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. मी रजा टाकलीय, रघू गाडी बघतोय, फुफी आतापासूनच कुराणातल्या सुऱ्या पढतेय.

आणि इशरतला डोळ्यांचं एक अक्षर कळवायचं नाही, अशी मला ताकीद आहे. कारण तुला माहीत आहे. अम्मी आजारी पडल्या तेव्हा तू धावत आलीस, त्या गेल्यावर त्यांचा चाळिसावा दिवस करून परत गेलीस, तोवर तिकडच्या शाळेत तुझ्या जागेवर दुसरी बाई आली होती. ते त्यांच्या मनाला फार लागून राहिलंय. आता कुठे पुन्हा नोकरी लागलीय, तिला पळायला लावू नको म्हणाले. मी हो म्हटलं नाही बरं का. नुसती मान हलवली, आणि ती आडवी हलली की उभी, ते त्यांना दिसलं नसावं.

तुला सांगायचं की नाही ह्यावर मी आठवडाभर माझ्याशीच भांडत होते. ऑपरेशन सोपं आहे, आम्ही सगळे आहोत, तुझ्यावाचून अडेल असं काही नाही. नोकरीचं काय करायचं ते तू आणि मुनीर बघा, रजा मिळते का विचारा, ते ठरवणारी मी कोण? पण काल इफ्तारनंतर आम्ही दोघं टाकीसमोर बसलो होतो. समुद्रफूल आता पुन्हा फुललंय, तुझे जोकर त्यात लोळत होते. चाचा टाकीच्या काचेवरून बोट फिरवत होते. मग म्हणाले, "पट्टी उघडंल तवा पयला निला कोनाला इचारू?" मी म्हटलं, मी आहे की, कार्ड आहे. ते हसले. "कार्डावर इशरतचा निला कुठं हाय?" म्हणाले, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता लगेच पुढे म्हणाले की मीठ संपत आलंय, मुनीरला कळव, कोणाबरोबर तरी पाठव म्हणावं, ईदच्या आगेमागे. मी आज सकाळी मुद्दाम जाऊन बघितलं. त्यांच्या पलंगाखाली मिठाची अख्खी पिशवी आहे, शिवणसुद्धा उसवलेली नाही. दिवाळीत त्यांनीच ती माझ्याकडून तिथे ठेवून घेतली होती. इशू, मीठ घेऊन ये.

तुझीच, आणि रंगांच्या बाबतीत अजून दुसरीतलीच,
मंदा